कागद मुरला, चमचा उरला

सोसायट्यांच्या ओल्या कचऱ्याच्या टाक्या चालू ठेवणं हा माझा व्यवसाय आहे. चालू ठेवणं म्हणजे वास येऊ न देणं, अशी बहुतेक चेअरमन मंडळींची समजूत असते, आणि तिला मी फारसा धक्का लावत नाही. 2016च्या घनकचरा नियमांनी रोज 100 किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरानिर्माते ठरवलं, ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं सांगितलं. इकडे पुणे महापालिका गांडूळखतासारखा प्रकल्प चालवणाऱ्यांना मिळकतकरात सवलत देते. त्यामुळे पुण्यात विटांच्या टाक्या भराभर बांधल्या गेल्या. बांधून झाल्यावर त्यात कोण हात घालणार हा प्रश्न उरला, तेव्हा माझ्यासारख्यांना बोलावणं येऊ लागलं.

या टाक्यांमध्ये अलीकडे एक नवी जमात येऊ लागली आहे. हिरवट रंगाच्या पिशव्या, पांढरे चमचे, आइस्क्रीमचे कप, पार्सलच्या वाट्या. सगळ्यांवर पान छापलेलं आणि ‘कंपोस्टेबल’ असा शब्द. हाऊसकीपिंगची मुलं ते सवयीने प्लास्टिक म्हणून बाजूला काढतात. मग चौथ्या मजल्यावरचे काका खाली येऊन भांडतात, की आम्ही जास्त पैसे मोजून ही पिशवी घेतो, हिच्यावर स्पष्ट लिहिलंय, तुम्ही काढता कशी? मुलं माझ्याकडे बघतात. बरेच दिवस मी ‘बघू’ म्हणून वेळ मारून नेली.

वेळ मारून नेणं थांबवावं लागलं ते कोथरूडच्या एका ताईंमुळे. त्या फराळाचे पदार्थ करून विकतात. चिवडा, शेव, चकली. दिवाळीत हाताखाली पाच-सहा बायका असतात. त्यांनी साध्या पाऊचऐवजी कंपोस्टेबल पाऊच घेतले होते आणि ते चांगलेच महाग पडत होते. त्यांचा प्रश्न अगदी सरळ होता: “गिऱ्हाइकाला काय सांगू? रिकामा झाला की कुंडीत टाका म्हणू का?” विक्रेत्याने त्यांना हेच सांगितलं होतं. मी म्हटलं, आधी मला टाकून बघू दे.

टाकून बघण्याआधी प्रमाणपत्र वाचलं. आपल्याकडे कंपोस्टेबल प्लास्टिकला आयएस/आयएसओ 17088 हे मानक लागू आहे. त्या मानकाची चाचणी प्रयोगशाळेत 58 अंश सेल्सिअसच्या आसपास होते. बारा आठवड्यांनंतर माल दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायचा. चाळणीवर मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त उरता कामा नये. आणि 180 दिवसांच्या आत त्यातल्या 90 टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झालेला दिसला पाहिजे. परीक्षा कडक आहे, खोटी नाही. पण ती 58 अंशांवरची परीक्षा आहे. सतत ओल, सतत हवा, सतत तेवढी उष्णता असलेल्या मोठ्या कारखानी ढिगाची. गॅलरीतल्या बादलीबद्दल ते प्रमाणपत्र काहीच म्हणत नाही. घरगुती ढिगासाठी वेगळी मानकं आहेत: ऑस्ट्रेलियाचं एएस 5810, फ्रान्सचं एनएफ टी51-800. त्यांत तापमान वीस ते तीस अंश धरतात आणि मुदत लांबवतात. तुकडे पडायला सहा महिने, पूर्ण जैविक विघटनाला वर्ष. ताईंच्या पाऊचवर यातलं कुठलंही नाव नव्हतं. कोपऱ्यात बारीक अक्षरात 17088 होतं, आणि शेजारी एका कुंडीचं सुरेख चित्र.

गणपती उठल्यावर काम सुरू केलं. निर्माल्य भरपूर असतं, पावसाने पाला ओला असतो, ढीग लावायला पुण्यात याहून चांगला काळ नाही. जागा दोन घेतल्या. एक माझ्या गच्चीवरचे भाजीच्या क्रेटचे ढीग, जसे कोणाच्याही घरी असतात तसे: भाजीची देठं, चहाचा चोथा, वाळका पाला, थोडं कोकोपीट, आठवड्यातून एकदा आंबट ताक. दुसरी जागा म्हणजे औंधातल्या एका सोसायटीची टाकी. तिथे रोज ताजा माल पडतो, टाकीची लांबी-रुंदी-उंची मीटरच्या वर आहे आणि थंडीतही वरचा थर सरकवला की वाफ येते. ढीग तापतो तो आतल्या जिवाणूंच्या खाण्यामुळे, पण तापलेला राहतो तो आकारामुळे. साधारण घनमीटरभर माल नसेल तर उष्णता कडेने निघून जाते. घरच्या क्रेटमध्ये ताजा कचरा बारीक चिरून, ताक घालून वरखाली केला की तापमापीचा काटा चाळिशीपर्यंत चढायचा आणि दोन-तीन दिवसांत खाली यायचा. डिसेंबरात तर क्रेट नि गच्ची यांत फार फरक नसायचा. सोसायटीच्या टाकीच्या पोटात मात्र साठ अंश सहज दिसायचे.

पुरायच्या वस्तू ठरवताना एक गोष्ट पक्की केली. पाऊच एकटा पुरायचा नाही. त्याच्याबरोबर वर्तमानपत्राचा तुकडा आणि सुती कापडाची पट्टी पुरायची, शिवाय दुधाच्या साध्या पिशवीचा तुकडा. हा साक्षीदारांचा भाग लोक सोडतात आणि मग भांडतात. पाऊच मुरला नाही तर विक्रेता म्हणणार, तुमचा ढीगच मेलेला होता. कागद आणि कापड शेजारीच मुरलेलं असेल तर त्याला तसं म्हणता येत नाही. प्रयोगशाळेतही सेल्युलोजची पूड अशीच साक्षीला ठेवतात. 45 दिवसांत ती 70 टक्के विघटित झाली नाही, तर ती चाचणीच रद्द धरतात. दुधाच्या पिशवीचं काम उलटं: ती जशीच्या तशी निघाली पाहिजे. ती फाटलेली निघाली तर समजायचं, उंदीर किंवा फावडं आडवं आलं.

मापन कसं करायचं यावर मात्र बराच वेळ गेला. पहिली कल्पना सोनाराच्या काट्यावर वजन करण्याची. ती टिकली नाही, कारण ढिगातून निघालेल्या पिशवीच्या तुकड्याला माती, बुरशी नि ओल इतकी चिकटलेली असते की तो पुरण्याआधीपेक्षा जड भरतो; आणि खरवडून धुवावा तर धुण्यातच फाटतो. कांद्याच्या जाळीच्या पोत्यात घालून पुरलं की माल सापडतो, पण जाळीतून जे खाली गेलं ते मुरलं की नुसतं बारीक होऊन गळलं, हे कळत नाही. शेवटी घरात पडलेल्या जुन्या फोटो-स्लाइडच्या चौकटी कामाला आल्या. पाऊचचा तुकडा चौकटीत ताणून बसवायचा, चौकट पुरायची, अधूनमधून काढून आलेखाच्या कागदावर ठेवून फोटो काढायचा. किती चौकोन उघडे पडले ते दिसतं. प्रयोगशाळेतही पातळ फिल्मसाठी ही युक्ती वापरतात हे मला नंतर कळलं.

कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून शेतकऱ्यांना हेच शिकवलं होतं: प्रयोगशाळा नसली तरी आपल्या वावरात नोंद ठेवून प्रयोग करता येतो, आणि तो शेजाऱ्याला दाखवता येतो. मी गणितात कच्ची आहे, पण वहीत रकाने आखून दिवाळी, संक्रांत, होळी अशा नोंदी ठेवल्या. ओल मात्र दर वेळी मुठीत दाबूनच बघायची: पाणी ठिबकायला नको आणि मूठ उघडल्यावर गोळा लगेच सुटायला नको.

दिवाळीत पहिल्यांदा उकरलं. घरच्या क्रेटमध्ये वर्तमानपत्र ओळखू येत नव्हतं. सुती पट्टीची दोऱ्यांची जाळी झाली होती. उसाच्या चिपाडाची वाटी, जी मी हातानेच चुरून पुरली होती, तिचे मऊ तुकडे होते आणि त्यांत पांढरी बुरशी खोल शिरली होती. संक्रांतीला तीही दिसेना. ही वाटी म्हणजे शेवटी तंतू, जिवाणूंच्या ओळखीचं अन्न. एक शंका मात्र राहते. तेल झिरपू नये म्हणून अशा भांड्यांत पूर्वी फ्लोरिनयुक्त रसायनं सर्रास घालत. ती विघटित होत नाहीत. अमेरिकेतल्या बीपीआय या प्रमाणन संस्थेने 2020पासून अशी रसायनं घातलेल्या वस्तूंना प्रमाणपत्र देणंच बंद केलं. वाटी मुरली म्हणजे वाटीतलं सगळंच मुरलं असं नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

चहाच्या कागदी कपाचं हसू आलं. कागद सगळा खाल्लेला आणि आतलं प्लास्टिकचं अस्तर कपाच्याच आकारात उभं. तो कप कंपोस्टेबल असल्याचा दावा कोणी केलेलाही नव्हता. लोक त्याला कागद समजून ओल्यात टाकतात, म्हणून मी तो पुरला होता.

आता पाऊच. हा पाऊच हातात घेतला की जोरात चुरचुर आवाज करतो. अमेरिकेत 2010मध्ये सनचिप्स वेफर्सची अशीच कंपोस्टेबल पिशवी आवाजाच्या तक्रारींमुळे बाजारातून मागे घ्यावी लागली होती. हा आवाज पीएलएचा, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्लाचा. मका किंवा उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल करतात आणि त्याच्या साखळ्या जोडून हे प्लास्टिक बनतं. आपल्याकडे जेजुरीला 2024मध्ये त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्पही सुरू झाला. माल वनस्पतीचा, हे खरंच आहे. पण जिवाणूंना मक्याशी देणंघेणं नसतं, त्यांना साखळी तोडता आली पाहिजे. पीएलएच्या लांब साखळ्या आधी पाण्याने तुटाव्या लागतात, मगच जिवाणूंच्या तोंडी लागतात. आणि साधारण 55 ते 60 अंशांच्या खाली या साखळ्या थंडीत थिजलेल्या तुपासारख्या जागच्या जागी बसून असतात. पाण्याला आत शिरायला वाव मिळत नाही. मानकातल्या 58 अंशांचं मर्म इथे आहे. तेवढी उष्णता मिळाली तर काम महिन्यांत उरकतं, नाही मिळाली तर वर्षं जातात.

संक्रांतीला घरच्या क्रेटमधला पाऊच धुतला तेव्हा त्यावरचं कुंडीचं चित्र अजून शाबूत होतं. चकाकी गेली होती, शिवणीपाशी थोडा सुटला होता. होळीला तो ठिसूळ वाटला, कोपरे तुटले, पण चौकटीतला तुकडा चौकटीतच होता. त्याच्या शेजारची दुधाची पिशवी आणि हा, यांत फरक सांगायला चष्मा लावावा लागत होता.

भाजीवाल्याकडच्या हिरव्या पिशवीचं वेगळं. ती मऊ, आवाज न करणारी. तिच्यात स्टार्च असतो आणि बऱ्याचदा पीबीएटी नावाचं पॉलिएस्टर. ते सहसा खनिज तेलापासूनच करतात, तरी जिवाणूंना ते तोडता येतं. म्हणजे मक्यापासूनचा पीएलए घरी मुरत नाही आणि तेलापासूनचा पीबीएटी त्याच्याआधी ढिला पडतो. दिवाळीला या पिशवीला भोकं पडली होती, संक्रांतीला चिंध्या झाल्या होत्या, होळीला पिशवी म्हणावी असं काही उरलं नव्हतं. काकांना बोलावून दाखवलं असतं तर ते जिंकले असते. पण मी खत चाळलं, आणि वरचा भाग पाण्यात ढवळला. पाण्यावर हिरवट पापुद्रे तरंगले, नखाएवढे, त्याहून लहान, डोळ्यांना दिसतील न दिसतील असे.

इथे मला या सगळ्या कामातली खरी अडचण कळली. घरची चाचणी एखाद्या वस्तूला नापास करू शकते, पास करू शकत नाही. चमचा अख्खा निघाला तर तो मुरला नाही, यात शंका नाही. पण पिशवी दिसेनाशी झाली तर ती जिवाणूंनी खाल्ली, की बारीक होऊन मातीत मिसळली? खाल्ली असेल तर कार्बन डायऑक्साइड निघाला असेल, आणि तो मोजायला बंद भांडी, नळ्या, यंत्रं लागतात. ‘आमच्या कुंडीत सहा महिन्यांत गायब झाली’ असं सांगणाऱ्यावर मी अविश्वास दाखवत नाही. गायब झाली एवढंच त्याने पाहिलेलं असतं.

पिशवीवर आयोडीनचा थेंब टाकून बघण्याची युक्ती मला एका शिक्षिकेने सुचवली. जखमेवर लावायचं टिंक्चर आयोडीन, स्टार्च असला की निळंकाळं होतं. हिरवी पिशवी झाली. पण साध्या पॉलिथिनमध्ये स्टार्च कालवूनही पिशव्या बनतात आणि त्याही अशाच काळ्यानिळ्या होतात. त्यांतला स्टार्च मुरतो, पॉलिथिन मागे राहतं. खोटी पिशवी पकडायला हा थेंब पुरेसा नाही.

खताचं काय झालं हेही बघितलं. त्यासाठी अळीव वापरलं, बाळंतिणीच्या लाडवातलं. खताचा दर्जा तपासणाऱ्या प्रयोगशाळासुद्धा याच बियांवर भरवसा ठेवतात, कारण त्या झटकन रुजतात आणि विषारी घटकांना लगेच दाद देतात. खत पाण्यात भिजवून गाळायचं, त्या पाण्यात टीपकागद ओला करून बी पसरायची, शेजारी साध्या पाण्यावरची बी. रुजवण आणि मुळांची लांबी ताडून बघायची. माझ्या खतावर अळीव छान रुजलं. पाऊच घातलेल्या आणि न घातलेल्या क्रेटमध्ये फरक दिसला नाही. क्रेटभर कचऱ्यात दोन पाऊच, फरक दिसायला तेवढं पुरेलच असं नाही.

औंधच्या टाकीत चित्र बदललं. तिथला पाऊच दिवाळीपर्यंत हातात येताच चुरा होत होता आणि संक्रांतीला चौकटी रिकाम्या होत्या. मला आनंद झाला. मानक खोटं बोलत नव्हतं. पण त्याच टाकीतून जाड पांढरा चमचा वाकडा होऊन, पण अख्खा बाहेर आला. गरम सूप सोसावं म्हणून या चमच्यांतला पीएलए मुद्दाम स्फटिकासारखा घट्ट करतात. त्यात तो जाड. पुन्हा टाकला, पुन्हा निघाला, आणि होळीच्या सुमारास फावड्याखाली मोडला. या टाकीतलं खत आम्ही दीड-दोन महिन्यांत काढतो, कारण मागून रोज नवा कचरा येत असतो. प्रयोगासाठी मी एक कोपरा राखून ठेवला, म्हणून चमच्याला एवढी मुदत मिळाली. एरवी तो पहिल्याच चाळणीत वर राहिला असता.

आणि समजा मुरला, तर मिळालं काय? पालापाचोळ्यातून नत्र येतं, पोटॅश येतं, ह्यूमस तयार होतं. पीएलए पूर्ण विघटित झाला की त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. मानकाची मागणीच ती आहे. खताला त्यातून काही लाभत नाही. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या खतनिर्मात्यांनी 2019मध्ये जाहीर पत्रक काढून सांगितलं होतं की कंपोस्टेबल वेष्टनं आम्हाला नकोत.

ब्रिटनमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने हाच प्रयोग देशभरातल्या लोकांकडून त्यांच्या परसातल्या ढिगांत करवून घेतला. 2022मध्ये निष्कर्ष आले: घरी मुरतील असं प्रमाणपत्र असलेल्या प्लास्टिकपैकीही 60 टक्के पूर्ण विघटित झालं नाही. लोकांना खुणांचा अर्थही नीट कळत नसल्याचं दिसलं. ते वाचून मला माझी गच्ची बरी वाटली. आपलं ऊन त्यांच्यापेक्षा जास्त आहे, तरी 58 नाही.

या सगळ्यात ज्यांना कोणी विचारत नाही, त्यांना मी विचारलं. आमच्या भागात कचरा गोळा करणाऱ्या एक मावशी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेच्या जुन्या सभासद आहेत. त्यांना मी पाऊच, हिरवी पिशवी आणि चमचा दाखवला. त्यांनी पाऊच दोन बोटांत चोळला. “ताई, ह्याला भंगारवाला घेत न्हाई. ओल्यात बी चालत न्हाई म्हनत्यात. मंग आमी ठेवायचं कुटं?” पुढे म्हणाल्या, की चुकून बाटल्यांच्या पोत्यात गेला तर तो भाव पाडतो. खरं आहे. पीएलए दिसायला पाण्याच्या बाटलीच्या पीईटीसारखा, पण त्यात मिसळला की पुनर्वापराचा माल खराब होतो. म्हणजे ही वस्तू सुक्यात नकोशी, ओल्यात नकोशी. ज्या कारखानी खतप्रकल्पासाठी ती बनवली, तिथवर तिला वेगळी नेणारी गाडी माझ्या कुठल्याही सोसायटीच्या दारात येत नाही.

फराळाच्या ताईंना मी हे सगळं वहीसकट दाखवलं. त्यांनी विचार केला आणि दिवाळीच्या मोठ्या ऑर्डरींसाठी अनामत घेऊन डबे द्यायला सुरुवात केली. लांबच्या ऑर्डरींना साधे, एकाच प्रकारच्या प्लास्टिकचे पाऊच, जे भंगारात जातात. महागड्या पाऊचचे उरलेले गठ्ठे अजून त्यांच्या माळ्यावर आहेत. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, पण डबे परत मागायचा त्रास त्यांनाच माहीत.

तुमच्याकडे अशी पिशवी आली तर दोन गोष्टी करा. तिच्यावर मानकाचा क्रमांक आणि उत्पादकाचं नाव आहे का बघा. नुसतं हिरवं पान असेल तर ती साधी प्लास्टिकची पिशवी धरा. क्रमांक असला तरी ती तुमच्या कुंडीत टाकण्याआधी एक तुकडा वर्तमानपत्राच्या तुकड्याशेजारी पुरून ठेवा आणि सहा महिने थांबा. पत्रावळ, द्रोण, चिपाडाची वाटी, न रंगवलेला कागद खुशाल टाका, फक्त हाताने चुरून. चमचे मात्र माझ्या टाक्यांमध्ये कृपा करून टाकू नका, त्यांच्यावर काहीही लिहिलेलं असलं तरी. ते मुलांना हाताने वेचावे लागतात.